एमजीबी घरी उभी करताना: आधी पत्रा बघा

प्रश्न थोडक्यात असा: १९७० ची एमजीबी रोडस्टर (बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी) घेतली आहे, क्रोम बंपरची, लाल रंगाची. इंग्लंडमध्ये रेडिंगला घराशेजारच्या एकगाडी गॅरेजात उभी आहे. इंजिन सुरू होते, पण निळसर धूर काढते. विकणाऱ्याच्या शब्दांत पत्र्याला ‘थोडासा’ गंज आहे. नाताळच्या सुट्टीत सगळी गाडी खोलून इंजिनापासून सुरुवात करावी का? वेल्डिंग येत नाही. पान्यांचा नवा संच आणला आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. संच मिलिमीटरचा असेल तर तो बाजूला ठेवा. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना ‘जवळजवळ’ बसतो. ते जवळजवळच घात करते, कारण पन्नास वर्षे गंजलेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्या. निम्मे काम तेवढ्यावर होते.

आता मुख्य मुद्दा. इंजिनाला अजून हात लावू नका. सगळी गाडी खोलूही नका. माझी पहिली एमजीबी मी कॉव्हेंट्रीत घरामागच्या गॅरेजात चार वर्षांत उभी केली. त्यातले पहिले वर्ष वाया गेले, कारण मीही तुमच्यासारखीच इंजिनावर तुटून पडले होते. मेकॅनिकल इंजिनिअर, त्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्याची मुलगी, मग इंजिन सोडून दुसरे काय दिसणार? इंजिन चकाचक करून स्टँडवर ठेवले आणि मग पत्र्याकडे वळले. तेव्हा कळले की ते बसवायला खाली गाडीच शिल्लक नाही.

एमजीबी १९६२ साली आली. तिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चॅसी होती, पत्रा सडला तरी सांगाडा टिकून असे. एमजीबीला ती नाही, पत्र्याचे कवच हाच सांगाडा. रोडस्टरला वर छप्परही नाही. म्हणजे पुढची आणि मागची गाडी एकमेकींना धरून ठेवतात त्या मुख्यतः दाराखालच्या दोन सिल. मधला बोगदा आणि फ्लोअर हातभार लावतात, पण खऱ्या तुळया याच दोन. त्या गेल्या की गाडी दाराच्या जागी मधोमध वाकते, जुन्या पलंगासारखी.

म्हणून पहिली तपासणी दाराच्या फटीची. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा, दार लावा आणि दाराची मागची कड व मागचे पंख (चाकावरचा बाहेरचा पत्रा) यांच्यातली फट वर किती आणि खाली किती, ते मोजा. वर चिमटली असेल आणि खाली फाकली असेल तर गाडी मध्ये झुकली आहे. मग बाजूच्या जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला आणि दार उघडून लावून बघा. आधी नीट लागणारे दार आता अडकू लागले तर सिल आतून संपल्या आहेत, बाहेरून त्या कितीही गुळगुळीत दिसोत. जॅक लावताच खालून कुरकुर आवाज आला आणि लाल भुगा पडला तर दार बघायचीही गरज नाही. तिथेच थांबा.

दुसरी तपासणी फ्रिजवरच्या चुंबकाची. पातळ फडक्यात गुंडाळा आणि सिलवरून, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत फिरवत न्या. माझ्या गाडीवर तो निम्म्या वाटेपर्यंत छान चिकटला आणि मग टपकन खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी (रंगाआधी खड्डे बुजवायचा लगदा) भरलेली होती. स्क्रूड्रायव्हरने टोकरले तर लांबीच्या मागून वर्तमानपत्राचा बोळा निघाला, त्यावरचे फुटबॉलचे निकाल अजून वाचता येत होते. वरून कीर्तन, आतून तमाशा. विकणाऱ्याला याची कल्पना होती की नाही, देव जाणे.

गंज नेमका तिथेच का लागतो, हे कळले की दुरुस्तीचा क्रमही कळतो. पुढच्या चाकाच्या मागे, पंखाच्या आत एक पत्र्याची ढाल असते आणि तिच्या कडेला रबरी पट्टी. पट्टी कडक होऊन फाटली की चाकाने उडवलेला चिखल ढालीमागे जाऊन साठतो. इथल्या हिवाळ्यात त्यात रस्त्यावरचे मीठ मिसळते. तो ओला गोळा सिलच्या पुढच्या टोकावर वर्षानुवर्षे बसून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला पंखाच्या खालच्या कोपऱ्यात दोन फुगे दिसतात, बस्स. तोच विकणाऱ्याचा ‘थोडासा’ गंज.

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरची सिल, मधला उभा पडदा आणि आतली सिल असे तीन थर असतात आणि खाली, फ्लोअरच्या कडेला, किल्ल्याच्या तटासारखी खाचाखाचांची पट्टी असते. बाहेरची सिल दोन्ही टोकांना पंखांच्या आड जाते. त्यामुळे ती नीट बदलायची तर पुढचे पंख काढावे लागतात (ते बोल्टवर असतात, पण वरच्या रांगेतले काही बोल्ट काढताना शिव्या आठवतात) आणि मागच्या पंखाचा खालचा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. हे टाळण्यासाठी जुन्या सिलवर नुसते नवे कव्हर ठोकून देणारे आहेत. ती दुरुस्ती नव्हे, आतला गंज झाकून ठेवलेला असतो. कोणी स्वस्तात तसे करून देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा.

कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आधार घाला. पुढचा खांब आणि मागचा खांब यांच्यात लोखंडी नळ्यांचा पक्का आडवा-तिरका टेकू हवा. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक बाजू पुरी करायची, गाडी जमिनीवर घ्यायची, दार बसवून फट मोजायची आणि मगच दुसरी. आतली सिल आणि खाचांची पट्टी आधी, मग पडदा, शेवटी बाहेरची सिल. प्रत्येक टप्प्याला आधी चार-दोन टाके मारून दार लावून बघायचे. मी एकाच दिवसात दार सतरा वेळा काढून लावले असेल. बिजागरीचे स्क्रू काढताना इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी जातात.

वेल्डिंग शिका असेच मी सांगेन. इथल्या बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळचे वर्ग असतात. पातळ पत्र्याला मिग (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग), ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन-मिश्र गॅस. बिनगॅसच्या स्वस्त यंत्रांनी पातळ पत्र्याला भोकेच पडतात. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरायचे. लांब जोडावर सलग रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकडा होतो. सराव भंगारातल्या पत्र्यावर करा आणि आपला जोड हातोडी-छिन्नीने फोडून बघा. जोड सुटला तर तुम्ही अजून तयार नाही. पत्रा शेजारी फाटला आणि जोड टिकला तर गाडीकडे जायला हरकत नाही. तरीही धीर होत नसेल तर सिलचे काम चांगल्या वेल्डरकडून करून घ्या, बाकी सगळे घरी. त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टींत मात्र हलगर्जी चालणार नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी गाडीतून काढून गॅरेजबाहेर ठेवा, ‘रिकामी आहे’ म्हणून आत ठेवू नका, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ती धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायच्या) रंगात आयसोसायनेट असते, त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. म्हणून रंगाची तयारी घरी, अंतिम फवारा रंगवाल्याकडे.

पत्रा अगदीच हाताबाहेर गेला असेल तर एक मार्ग आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही ऑक्सफर्डशायरमधली संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवरून एमजीबीचे आख्खे नवे कवच बनवते. महाग असते, पण सिल, फ्लोअर, पंख, चाकांच्या कमानी सगळेच गेले असेल तर तुकड्यांचा आणि श्रमाचा हिशेब आधी कागदावर मांडा. कधी कधी नवे कवच परवडते. अर्थात मग आपण जुनी गाडी वाचवली की जुन्या भागांची नवी बनवली, हा वाद घरात जेवताना रंगतो.

आता ‘सगळी खोलू का’ याबद्दल. अर्धवट सोडलेल्या गाड्यांच्या जाहिराती बघा. ‘सर्व भाग खोक्यांत आहेत’ हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटेल. माणसे खोलतात उत्साहाने आणि जोडायच्या वेळी दम संपतो. जो विभाग हातात घेतला तेवढाच खोला, गाडी शक्यतो स्वतःच्या चाकांवर राहू द्या. प्रत्येक नट काढण्यापूर्वी फोनवर फोटो. बोल्ट मी आईने पाठवलेल्या चकलीच्या डब्यांत ठेवले होते आणि वर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: ‘डावे दार, वरची बिजागरी’. शेजारचे आजोबा मदतीला आले की त्यांना एकही डबा कळत नसे, पण चकल्या कुठे आहेत ते बरोबर कळे.

इंजिनाकडे वळू, कारण तिथे तुमचे मन अडकले असणार. या १७९८ सीसी इंजिनाला घाबरू नका. हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचे बी-सिरीज. आपल्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. गॅरेजात ॲम्बेसेडर आली की अण्णा, म्हणजे माझे वडील, मला टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायला, बसवत. मी बारा वर्षांची असेन. त्यांनी मला ‘नवाची बेरीज’ शिकवली. एका ओळीत आठ व्हॉल्व्ह, पुढून क्रमांक द्या. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला तर तिसरा, सातवा तर दुसरा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. पुढे कॉव्हेंट्रीत पहिल्यांदा एमजीबीचे रॉकर कव्हर उघडले तेव्हा तीच बेरीज चालली. तुमच्या गाडीला थंड इंजिनावर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट. फीलर गेजची पट्टी मिटलेल्या वहीच्या पानांतून ओढल्यासारखी, किंचित धरून पण न अडता निघाली पाहिजे.

निळ्या धुरासाठी लगेच इंजिन उतरवू नका. निळा म्हणजे तेल जळते आहे, पण कुठून येते ते आधी शोधा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. मग प्रत्येकात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. दोन्ही वेळचे आकडे चांगले आणि सारखेच आले, आणि धूर सकाळी पहिल्यांदा चालू करताना किंवा उतारावर पाय काढल्यानंतरच येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) झिजले आहेत. तेव्हा फक्त हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचे. हेड उतरलेच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. ही इंजिने शिशाच्या पेट्रोलसाठी बनली होती आणि ब्रिटनमध्ये ते १९९९ अखेर सर्वसाधारण विक्रीतून गेले. क्लच बदलायचा तर मात्र इंजिन काढावेच लागते. म्हणून कोणत्याही कारणाने इंजिन बाहेर आले की क्लच आणि त्याचे बेअरिंग त्याच खेपेला बदला.

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरांबद्दल लोकांनी उगाच भीती घातली आहे. दोन आहेत, आणि दोन्ही साधे. आधी टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग नीट करा, कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. इंजिन पूर्ण गरम करून एअर फिल्टर काढा. दोन्ही थ्रॉटल जोडणारे क्लॅम्प सैल करा. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुत्कार ऐका, मग दुसऱ्याचा. आयडलच्या स्क्रूने दोन्ही आवाज सारखे करा. मग मिश्रण. कार्ब्युरेटरखालच्या छोट्या पिनने पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिन अडखळून मरू लागले तर पातळ. क्षणभर किंचित चढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. खालचा षटकोनी नट वर फिरवला की पातळ होते, खाली की जाड. एका वेळी एकच बाजू, म्हणजे षष्ठांश फेरा, मग पुन्हा ऐका. आणि डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात) पातळ इंजिन ऑइल आहे ना, ते बघा. ते संपले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी उचक्या देते आणि लोक मिश्रणाला दोष देत बसतात.

वायरिंगवरचे जुने विनोद तुम्ही ऐकले असतील. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पन्नास वर्षे हिरव्या पडलेल्या जोडण्यांचा आणि मधल्या मालकांच्या कारागिरीचा असतो. रंग पाठ करा: तपकिरी म्हणजे कायम करंट, पांढरी इग्निशनवर, हिरवी इग्निशनवर पण फ्यूजमधून, काळी अर्थ. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टी आहे का, ते आजच वाकून बघा. एकाच्या गाडीत ती क्लच बदलताना परत लावायची राहिली होती. स्टार्टर मारला की सगळा करंट चोकच्या केबलमधून वाट काढी. त्याने मला फोन करून विचारले, ‘चोकची मूठ गरम का होते हो?’ तुमच्या गाडीच्या मूळ रचनेत सीटांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्यांच्या पेट्याही खालून सडतात, तिकडेही चुंबक आणि स्क्रूड्रायव्हर फिरवा.

गाडी चालती झाल्यावरची देखभाल. हिला ग्रीस लागते, आणि त्यातच लोक कमी पडतात. पुढच्या किंग पिनला (ज्यावर पुढचे चाक वळते ती पिन) प्रत्येक बाजूला तीन निपल, दर ३००० मैलांनी. ग्रीस भरताना पुढची बाजू उचलून चाके लटकती ठेवा, भार असताना ते पाहिजे तिथे पोचत नाही. तारांची चाके असतील तर वर्षातून एकदा काढून हबच्या दात्यांना ग्रीस लावा. पुढे-मागे करताना ‘टक्’ आवाज आला तर दाते झिजले आहेत. इंजिनात २०डब्ल्यू-५०, जुन्या इंजिनांसाठीचे, जस्त असलेले. महागडे पातळ सिंथेटिक घालून गॅरेजच्या फरशीला तेल पाजू नका. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतले पाणी ओढते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. सिलच्या पोकळीत मेण फवारा, पण खालची निचऱ्याची भोके बुजवू नका.

पेट्रोल सुपरचे, ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) लिहिलेले घ्या. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत) आहे आणि त्यातले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते. नळ्या बदलाच, इथेनॉल सोसणाऱ्या, आर९ छापलेल्या घ्या. त्या कधी बदलल्या होत्या ते मागच्या मालकाला आठवत असेल असे समजू नका.

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे रस्ता-कर नाही आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी ही वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरी मी दर वर्षी स्वखुशीने करून घेते. दुसऱ्याच्या डोळ्यांना खालून काय दिसते ते कळते, आणि पैसे पेट्रोलच्या दोन टाक्यांएवढेही जात नाहीत.

हिवाळ्यात गाडी झाकून ठेवली तर दर रविवारी पाच मिनिटे सुरू करून बंद करू नका. इंजिन तापत नाही, फक्त सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साठते. एक तर मीठ नसलेल्या कोरड्या दिवशी वीस मैल चालवा, नाहीतर वसंतापर्यंत तिला हात लावू नका.

तर या शनिवारी पाना नको, मोजपट्टी घ्या. डाव्या आणि उजव्या दाराची फट वर किती आणि खाली किती, जॅकवर घेतल्यावर किती, आणि चुंबक कुठे कुठे पडला, एवढे लिहून पाठवा. अर्थिंगच्या पट्टीचाही एक फोटो टाका. ते आकडे बघून सांगते, सिल कापायची की तुम्ही खरेच नशीबवान निघालात आणि नाताळात हेड उतरवायला मोकळे आहात.